उजनीच्या पोटातलं आपलं घर आणि मेटल डिटेक्टर: परवानगी मागायची कुणाकडे? (चर्चेचा धागा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

जुनं गावठाण

उन्हाळ्यात उजनीचं पाणी मागे सरलं की करमाळ्याच्या बाजूला आमचं जुनं गाव वर येतं. देवळाचा चौथरा, वेशीचे दगड, विहिरीचं कडं. २०२४ ला पाणी उणे पातळीत इतकं खाली गेलं की आमच्या घराच्या जोत्यापर्यंत चालत जाता आलं. आजीला नेलं होतं. तिने उभ्या जागेवरून दाखवलं: इथे उंबरा, इथे चूल, आणि परसात या कोपऱ्यात तुझ्या आजोबांनी हंडा पुरला.

धरण १९८० ला पूर्ण झालं, गाव त्याआधीच उठलं. बैलगाडीच्या दोन खेपा झाल्या. हंडा तिसऱ्या खेपेला न्यायचा होता, तोवर पाणी चढलं. आत पितळेची भांडी आणि आजीचे चांदीचे तोडे.

मामेभावाने ऑनलाइन मेटल डिटेक्टर मागवला. नेण्याआधी परवानगी घ्यावी म्हणून मी चार दारं फिरलो. पहिल्या ठिकाणी म्हणाले जमीन आमची, पण खोदायचं असेल तर महसूलला विचारा. तिथून पोलिसांकडे पाठवलं. पोलिसांनी गुप्तधनाची केस आहे का म्हणून माझीच चौकशी केली. शेवटच्या दारात, पुरातत्त्व खात्यात, सांगितलं, ही जागा संरक्षित यादीत नाही, आमचा संबंध नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. सरकारी जमिनीवर मशीन फिरवायला सरसकट मोकळीक नको. पण रीतसर विचारायला एक दार हवं. याच बुडीत जमिनीत गाळपेरीला, म्हणजे पाणी ओसरल्यावर गाळात पेरणी करायला, परवानगी मिळते. त्याला अर्ज आहे, मुदत आहे, पावती आहे. मग ज्याचं घर तिथे होतं, त्याला एक दिवस शोधायला का मिळू नये? दार नाही म्हणून लोक रात्री जातात आणि जे सापडेल ते गपचूप मोडीत घालतात.

पांढरीची माती

दादा, तुमच्या आजीबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो, माझा याला विरोध आहे. मी पुरातत्त्व शिकलोय, उत्खननावर काम केलंय. तुमच्या एका हंड्यासाठी उघडलेल्या दारातून दुसऱ्या दिवशी पन्नास जण येतील आणि प्रत्येकाची आजी असेल.

मशीन काय करतं ते बघा. जमिनीत धातू आहे एवढं सांगतं. तो कोणत्या थरात आहे, शेजारी कोणती खापरं आहेत, राख आहे की चुनखडी, यातलं काही त्याला कळत नाही. माणूस आवाज आला की खड्डा घेतो आणि नाणं काढून घरी नेतो. नाण्याची खरी किंमत ते कोणत्या थरातून निघालं यात असते, कारण त्या नाण्यावरून थराचा काळ ठरतो आणि थरावरून बाकी सगळ्या वस्तूंचा. एकदा उपसलेला थर पुन्हा लावता येत नाही.

आपल्या भागात पांढरी, म्हणजे जुन्या वस्तीच्या पांढुरक्या मातीचं टेकाड, नाही असं गाव शोधून सापडायचं नाही. भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडलला शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ चा मराठी शिलालेख आहे. बार्शीपासून जवळ तेर आहे, म्हणजे जुनं तगर, रोमशी व्यापार करणारं शहर. अशा जमिनीत हौशी मशीन सोडायचं?

शिवराई

सर, तेरचं नाव तुम्हीच काढलंत म्हणून विचारतो. तिथलं संग्रहालय रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाने आहे. त्यांच्याकडे कुठे उत्खननाचा परवाना होता? गावातल्या आणि शिवारातल्या वस्तू त्यांनी आयुष्यभर जमवल्या, तो संग्रह पुढे सरकारी संग्रहालय झाला. सामान्य माणसाने उचललं नसतं तर ते सगळं मोडीत नाहीतर परदेशात गेलं असतं.

मी वीस वर्षं नाणी जमवतोय. सोलापूरच्या जुन्या बाजारात भांड्यांच्या मोडीबरोबर किलोवर तांब्याची नाणी येतात. कुठली विचारलं तर दुकानदार खांदे उडवतो. सापडणं थांबलेलं नाही, फक्त नोंद होत नाही. इंग्लंडमध्ये १९९६ चा ट्रेझर ॲक्ट आहे आणि १९९७ पासून हौशी लोकांच्या वस्तूंची नोंद करणारी योजना आहे. दहा लाखांहून जास्त वस्तू स्थळासकट नोंदल्या गेल्यात. जमीनमालकाची परवानगी तिथे लागतेच, संरक्षित स्थळावर मशीन चालत नाही, पण बाकी ठिकाणी माणूस उजळ माथ्याने जातो.

पांढरीची माती

इंग्लंडच्या शेजारचं आयर्लंडही बघा की. १९८७ च्या कायद्याने तिथे परवानगीशिवाय पुरावस्तू शोधायला मशीन वापरणं गुन्हा आहे. तेही जुन्या वस्तूंचा देश आहे आणि त्यांनी उलटा रस्ता धरला.

लामतुऱ्यांच्या संग्रहाबद्दल मलाही ऋण वाटतं. पण पावसाने उघडी पाडलेली वस्तू उचलणं वेगळं आणि जमिनीच्या पोटात असलेली शोधून उकरणं वेगळं. आणि त्या संग्रहातल्या कितीतरी वस्तूंचा नेमका थर आज कुणीच सांगू शकत नाही, ते नुकसान आहेच.

भीमाकाठ

माझं गाव माचणूरच्या पलीकडं. ब्रह्मपुरीला औरंगजेबाची छावणी चार वर्षं होती, १६९५ ते ९९. तेवढ्यावर लोकांनी खजिन्याच्या कहाण्या रचल्यात. त्याचा त्रास आमच्यासारख्यानं भोगायचा.

मागं कडब्याच्या गंजीमागं, बांधाला लागून, सकाळी बघतो तर कमरेएवढे तीन खड्डे. लिंबू, हळद-कुंकू, कापलेला नारळ. दुभती म्हैस त्यात पडली, पाय मोडला, विकावी लागली. ज्वारीचं पाणी द्यायचं दांड फुटलं ते वेगळंच. तक्रार द्यायला गेलो तर मलाच विचारलं, तुमच्या रानात काय निघालं?

पूर्वी नुसते भगत-देवऋषी यायचे, आता त्यांच्याबरोबर मशीन पण येतंय. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून आहे, गुप्तधनासाठी अघोरी प्रकार केले तर तो लागतो. पण लिंबू नसलं, नुसतं मशीन असलं तर? परवानगीचा कागद खिशात घालून उद्या कुणी नदीच्या पात्रात उतरंल आणि पात्रातून माझ्या रानात यायला किती वेळ लागतो ओ? आजीच्या तोड्याचं मला वाईट वाटतंय. तरी पण माझं मत नाही म्हणूनच आहे.

चावडी

महसुलात नोकरी झाली, आता निवृत्त आहे. भावनेला धक्का न लावता कायद्याचं सांगतो, कारण वर दोन-तीन गोष्टींची गल्लत होतेय.

जमीन कुणाची, हा पहिला प्रश्न. जमीन महसूल संहिता १९६६, कलम २०: रस्ते, नद्या-नाले, त्यांची पात्रं आणि दुसऱ्या कुणाच्या मालकीची नसलेली जमीन राज्य सरकारची. मोकळी दिसते म्हणून ती कुणाचीच नाही असं होत नाही. गायरान असो, पात्र असो, बुडीत क्षेत्र असो, ज्या खात्याच्या ताब्यात आहे त्याच्या लेखी संमतीशिवाय खड्डा घेता येत नाही.

सापडलेलं कुणाचं, हा दुसरा. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली कोणतीही मोलाची वस्तू म्हणजे निधी. मूळ कायद्यात मर्यादा दहा रुपयांची, म्हणजे आजच्या हिशेबाने काहीही. सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं: काय, किती, कुठे, कोणत्या तारखेला. आणि वस्तू सरकारी कोषागारात जमा करायची किंवा जामीन द्यायचा. न कळवल्यास हिस्सा जातो आणि वर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही.

तिसरी गोष्ट या धाग्यातल्या आजीसाठी. कळवल्यावर जिल्हाधिकारी जाहीर सूचना काढतात, दावेदारांना चार ते सहा महिन्यांनंतरची तारीख देतात. शंभर वर्षांच्या आत कुणी पुरलं असेल आणि तो किंवा त्याचा वारस पुढे आला, तर दावा दिवाणी कोर्टात सिद्ध करायला मुदत देतात. तुमचा हंडा शंभर वर्षांच्या आतला आहे. संपादनात जमीन गेली, घर गेलं, झाडं गेली. हंड्यातले तोडे भरपाईच्या निवाड्यात लिहिलेले नाहीत.

मात्र हा कायदा अवचित सापडलेल्यासाठी लिहिलाय. मशीन घेऊन मुद्दाम शोधणाऱ्याला जमिनीवर जाण्याचा हक्क तो देत नाही. जुनं गावठाण यांना चार दारं फिरावी लागली त्याचं मूळ इथे आहे.

शिवराई

चावडीकाका, याच कायद्यात असंही आहे ना की मालक नसलेला निधी निघाला आणि जागामालकाशी काही ठरलेलं नसेल तर तीन हिस्से सापडणाऱ्याला, एक जागामालकाला?

चावडी

आहे. पण पुढचं कलमही वाचा. सरकारला तो निधी हवा असेल तर धातूची किंमत अधिक तिचा पाचवा हिस्सा देऊन घेता येतो. धातूची किंमत. सातवाहनांचं शिशाचं नाणं असेल तर शिशाचा भाव. माणूस जाहीर करत नाही त्याचं हे एक खरं कारण आहे, आणि मी सरकारी माणूस असूनही ते चुकीचंच म्हणतो. इतिहासाचं मोल देणारी रक्कम असती तर निम्मी मोड तहसील कचेरीत आली असती.

तुमच्यासाठीही एक. शंभर वर्षांपलीकडचं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं. परवान्याशिवाय त्याच्या विक्रीचा धंदा करता येत नाही आणि खाजगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. बाजारात मिळतं म्हणजे चालतं असं समजू नका.

होम मैदान

मी वेगळ्या अनुभवावरून लिहितेय. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत माझ्या आईचं मंगळसूत्र पाळण्याच्या गर्दीत तुटून पडलं. दुसऱ्या दिवशी ओळखीच्या दादांनी मशीन आणलं, व्यवस्थापनाच्या माणसाला विचारून, त्याच्यासमोर फिरवलं. तासाभरात दोन वाट्या आणि थोडे मणी मिळाले, वरच्या धुळीतच होते. कुदळ लागली नाही. यात कोणता थर बिघडला? सगळ्या मशीनवाल्यांना एका दावणीला बांधू नका.

फक्त तेव्हा कुणीतरी म्हणालं की शेजारी भुईकोट किल्ला आहे, शंभर मीटरच्या आत मशीन नेलं तर अटक होते. ते खरं आहे का?

चावडी

अक्का, शंभर मीटर प्रतिबंधित आणि पुढचे दोनशे नियंत्रित, हे प्राचीन स्मारकांच्या कायद्यातल्या २०१० च्या दुरुस्तीतलं अंतर मुख्यतः बांधकाम आणि खाणकामासाठी आहे. धुळीत पडलेलं मंगळसूत्र उचलणं त्यात येत नाही. किल्ल्याच्या संरक्षित हद्दीत मात्र खोदकाम १९५८ च्या कायद्याने केंद्राच्या परवानगीशिवाय बंद आहे. आत मशीन नेऊच नका, फिरवायलाही नको.

पांढरीची माती

होम मैदान यांच्या उदाहरणाला माझा अजिबात विरोध नाही. कालची वस्तू, वरची धूळ, जागेच्या माणसासमोर. मला भीती कुदळीची आहे.

म्हणूनच जुनं गावठाण यांना विचारतो, तुमचं मशीन किती खोल ऐकतं? हौशी मशीनला नाण्याएवढी वस्तू साधारण वीतभर खोलीपर्यंत कळते. हंडा मोठा आहे म्हणून थोडा खाली ऐकू येईल. पण वर चाळीसहून जास्त वर्षांचा गाळ आहे. आवाज यावा म्हणून आधी गाळ उपसणार, मग जोत्याची माती. आणि जुनी गावठाणं बहुतेक पांढरीवरच बसलेली असतात. आजोबांच्या हंड्याखाली हातभर अंतरावर आठशे वर्षांपूर्वीची वस्ती असू शकते. पाण्याखाली गेली म्हणून ती कमी मोलाची होत नाही. तशीही दरवर्षी लाटांनी झिजतेय.

भीमाकाठ

गाळात उतरताना जपून. वरून वाळल्यासारखा दिसतो, आत कमरेएवढा चिखल असतो. बैल रुतलेला बघितलाय मी.

जुनं गावठाण

सगळं वाचलं, दोनदा. पांढरीची माती, दरवर्षी लाटांनी झिजतेय हे तुम्हीच लिहिलंत. गावठाण झिजून जाईपर्यंत कुणी अभ्यासक येणार नाही, आणि ज्यांना तिथली प्रत्येक भिंत माहीत आहे ती माणसं एकेक करून जातायत. आजी ब्याऐंशीची आहे. रक्षण करणारं कुणीच येत नसेल तर फक्त मनाई करून ती जागा कशी वाचते? या प्रश्नाचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

भीमाकाठ, तुमच्या म्हशीचं वाचून मान खाली गेली. परवानगी द्यायची तर गट नंबर लिहून, दिवसाउजेडी, कोतवाल आणि पोलीस पाटील समोर ठेवून. त्या गटाबाहेर एक पाऊल पडलं तर मशीन जप्त. हे अर्जात मीच लिहून देतो.

चावडी

मग अर्ज असा करा. मूळ अर्ज जमीन ताब्यात असलेल्या खात्याला, प्रत जिल्हाधिकारी आणि राज्याच्या पुरातत्त्व खात्याला. तिन्ही ठिकाणी पोच घ्या. सोबत संपादनाच्या निवाड्याची नक्कल, जुना उतारा, वारस नोंद. काय शोधताय ते स्पष्ट लिहा आणि सापडल्यास निखात निधी कायद्याप्रमाणे कळवू असं पहिल्याच परिच्छेदात. उत्तर येईपर्यंत मशीन घराबाहेर काढायचं नाही. नाही म्हणाले तर लेखी कारण मागा, निदान अपिलाला कागद हातात राहील.

पांढरीची माती

माझं मत बदललेलं नाही. तरी पुरातत्त्व खात्याच्या प्रतीत एक वाक्य घाला: खोदताना प्रशिक्षित माणूस हजर असावा. बोलावलंत तर मी स्वखर्चाने येईन. त्याआधी एक काम करा. आजीला विचारून गावाचा कच्चा नकाशा काढा, कोणाचं घर कुठे, आड कुठे, पेव कुठे. आणि हंडा किती खोल, वर काय टाकलं होतं, तेही लिहून ठेवा.

जुनं गावठाण

आत्ताच विचारून आलो. गुडघ्याएवढा खड्डा, म्हणाली. वर चुलीची राख लोटली आणि राखेवर फुटका रांजण पालथा घातला. नकाशा उद्या बसून काढतो, तिला सतरा घरांची नावं एका दमात आठवली. सोमवारी निवाड्याच्या नकलेला अर्ज टाकतो.

पांढरीची माती

राख लागली की हात थांबवायचा. तिथून पुढे कुदळ नको, खुरपं आणि ब्रश मी आणतो.