सोनोग्राफीतलं वजन बघून सिझर ठरवावं का?

राजारामपुरीकर:
माझं मत स्पष्ट आहे. निव्वळ सोनोग्राफीतल्या वजनावर सिझर ठरवू नये. आमच्या वहिनींना नवव्या महिन्यात एका दवाखान्यात सांगितलं, "बाळ साडेतीनच्या वर आहे, नॉर्मलची वाट बघू नका." शुगर नाही, बीपी नाही, पाणी व्यवस्थित. रिपोर्टवर 3612 ग्रॅम होतं आणि त्याच ओळीत पुढं ± 542. म्हणजे बाळ 3070 चं असू शकतं आणि 4154 चंही. त्या पुढच्या आकड्याचा अर्थ घरात कुणाला सांगितलाच नाही. सिझर झालं, बाळ भरलं 3.2 किलो.

मशीन बाळाला तोलत नाही. डोक्याची रुंदी, डोक्याचा घेर, पोटाचा घेर आणि मांडीच्या हाडाची लांबी मोजून सूत्रानं वजन काढतं. सगळ्यात जास्त वापरलं जाणारं हॅडलॉकचं सूत्र 1985 चं, अमेरिकेतल्या बाळांवरून बसवलेलं. पोटाचा घेर चार-पाच मिलिमीटर इकडंतिकडं झाला की शंभरेक ग्रॅम हलतात. एवढ्या अंदाजावर बाईचं पोट कापायचं?

गडहिंग्लजची डॉक्टर:
तुमच्या वहिनींच्या बाबतीत घाई झाली असेल, पण त्यावरून तपासणीलाच कमी लेखू नका. मोठ्या बाळापेक्षा वाढ खुंटलेल्या बाळाची मला जास्त धास्ती असते. आईचं बीपी वाढलेलं, वार नीट काम करत नाही, आणि बाहेरून पोट मात्र ठीक दिसतं. अशा वेळी दोन-तीन आठवड्यांच्या अंतरानं मापं घेतली तर वाढ थांबल्याचं कळतं. मग डॉपलरवर नाळेतला रक्तप्रवाह बघून बाईला वेळेत सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात, पाठवता येतं. गगनबावड्याच्या बाजूची बाई रात्री कळा सुरू झाल्यावर निघाली, तर कमी वजनाच्या बाळासाठी काचेची पेटी मिळेपर्यंत कोण थांबणार?

कागलची लेक:
दादा, माझा अनुभव उलटा आहे. मला शुगर होती. शेवटच्या महिन्यात वजनाचा अंदाज कुणी घेतलाच नाही. डोकं बाहेर आलं आणि खांदा अडकला. लेकाचा उजवा हात कित्येक महिने लुळा होता, रोज मालिश आणि व्यायाम. आता हलतो, पण पाटी धरताना अजून डावाच पुढं करतो. सिझरचा व्रण मी आनंदानं सोसला असता.

राजारामपुरीकर:
ताई, वाचून फार वाईट वाटलं. शुगर असेल तर हिशोब वेगळा, हे मला मान्यच आहे. अमेरिकेतल्या प्रसूतीतज्ज्ञांच्या संघटनेनंही तसाच फरक केलाय. शुगर असेल तर अंदाजे 4500 ग्रॅम, नसेल तर 5000 ग्रॅमच्या पुढं सिझरचा विचार करावा असं ते सांगतात. वहिनींचा आकडा याच्या जवळपासही नव्हता. आणि खांदा अडकतो त्यातली जवळपास निम्मी बाळं चार किलोच्या आतलीच असतात. म्हणजे वजन कळलं की धोका कळला, असंही नाही.

गडहिंग्लजची डॉक्टर:
ते आकडे तिकडच्या बांध्याच्या बायकांचे. माझ्याकडं पाच फुटांच्या आतल्या पोरी येतात, त्यांना साडेतीन किलोसुद्धा जड जाऊ शकतं. पण तिथंही मी आकड्यावर नाही, कळांवर ठरवते. डोकं खाली सरकतंय का, पिशवीचं तोंड उघडतंय का. हे बघायला वेळ द्यावा लागतो, रात्र जागावी लागते.

शाहूवाडीची आशा:
गावात हा आकडा काय करतो ते सांगते. वजन जास्त आलं की सासू म्हणते, "आता जेवण कमी कर, नाहीतर बाळंतपण अडेल." मागं एका घरी गेले, तर सून दुपारी निम्मी भाकरी खाऊन उठली, आणि हिमोग्लोबिन आधीच कमी. वजन कमी आलं तर दोष तिचाच, "काही खात नाही." दोन्हीकडनं तीच बोलणी खाते. डॉक्टर, रिपोर्ट हातात देताना सासूला आत बोलवून दोन मिनिटं बोला, तेवढंच माझं मागणं.

कागलची लेक:
आशाताईंचं पटलं. पण राजारामपुरीकर, नवव्या महिन्यात वजन बघूच नका असा अर्थ कुणी काढू नये, विशेषतः शुगरवालीनं. अंदाज चुकला तरी चालेल, पण कुणीतरी घ्यायला हवा होता.

राजारामपुरीकर:
बघू नका असं मी म्हणतच नाही, ताई. बघा, आणि तो ± चा आकडा बाईला मोठ्यानं वाचून दाखवा. सही ती करणार आहे.