शिक्षा, दंड, प्रायश्चित्त, निग्रह, संयम: कोणता शब्द कुठे?

दौतटाक
आठवी-नववीच्या मुलांसाठी समानार्थी शब्दांची वही करतो आहे. एका पानावर शिक्षा, दंड, शासन, प्रायश्चित्त आहेत. दुसऱ्या पानावर संयम, निग्रह, दम, आवर, ताबा. शब्द असे ओळीने लिहिले की मुलं वाटेल तो शब्द वाटेल तिथे घालतात: 'त्याने दंड भोगला', 'तिने रागावर निग्रह ठेवला'. कानाला चूक लगेच कळते, पण ती का चूक आहे हे मुलांना नेमकं कसं सांगावं? दुसरं असं की निग्रह दोन्ही पानांवर बसतो. राजाने केलेला निग्रह म्हणजे शिक्षा, आणि मनोनिग्रह म्हणजे स्वतःला आवरणं. एकच शब्द दोन्हीकडे कसा?

कानामात्रा
अर्थ देण्याआधी क्रियापद लावायला सांगा, निम्मं काम तिथेच होतं. शिक्षा देतात, सुनावतात, भोगतात, माफ करतात. दंड ठोठावतात, आकारतात, भरतात, वसूल करतात. प्रायश्चित्त घेतात किंवा करतात. शासन करतात. 'दंड भोगला' खटकतं, कारण आजच्या मराठीत सुटा 'दंड' म्हणजे पैसे, आणि पैसे भोगत नाहीत, भरतात. त्याच कारणाने ग्रंथालय उशिराबद्दल दंड आकारतं, पण शिक्षा कोणी आकारत नाही.

न्यायालयाच्या बातमीतलं वाक्य मुलांना फळ्यावर लिहून द्या: 'दोन वर्षे सक्तमजुरी आणि पाच हजार रुपये दंड अशी शिक्षा, दंड न भरल्यास आणखी एक महिना साधी कैद.' शिक्षा हा मोठा डबा आहे आणि दंड हा त्यातला एक खण, हे इथे लगेच दिसतं. म्हणून हे दोन शब्द समानार्थी नाहीतच. कायद्याच्या मराठीत तर गोंधळ होऊ नये म्हणून 'द्रव्यदंड' असं पूर्ण लिहितात.

ती काळजी घ्यावी लागते, कारण दंडाचा जुना अर्थ मोठा होता. मूळ अर्थ काठी, त्यावरून काठी चालवण्याचा अधिकार आणि त्यावरून कोणतीही शिक्षा. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात दंडाच्या चार पायऱ्या आहेत: आधी वाग्दंड म्हणजे शब्दांनी समज, मग धिग्दंड म्हणजे धिक्कार, तिसरा धनदंड आणि शेवटी वधदंड. आपण आज ज्याला दंड म्हणतो तो यातला फक्त तिसरा. जुना अर्थ आता समासांत शिल्लक आहे: मृत्युदंड, देहदंड, दंडाधिकारी, दंडनीय. 1860 ची भारतीय दंड संहिता जाऊन 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, म्हणजे कायद्याच्या नावातूनही दंड गेला. नव्या संहितेच्या कलम 4 मधल्या शिक्षांमध्ये सामुदायिक सेवा नव्याने आली आहे. ती शिक्षा आहे, पण तिला कोणी दंड म्हणणार नाही. मुलांना हे उदाहरण चटकन पटेल.

शासन जपून वापरायला सांगा. 'दोषींना कडक शासन व्हावे' बरोबर आहे, पण 'शासनाने शासन करावे' असं वाक्य झालं की वाचणारा अडखळतो. महाराष्ट्रात तो शब्द सरकारने व्यापला आहे.

शिक्षा मुळात शिकण्याच्याच धातूतली. हिंदीत ती शिकण्याच्या बाजूला राहिली, म्हणून तिकडे शिक्षा मंत्री असतो आणि आपल्याकडे शिक्षणमंत्री. हिंदीतून भाषांतर करताना सर्वांत जास्त घसरण इथेच होते.

मुळाक्षर
निग्रहाबद्दल. नि + ग्रह्, म्हणजे धरून ठेवणं. कोणाला धरायचं हे शब्दात नाही, ते वाक्यात येतं. राजाने दुसऱ्याला धरलं की शिक्षा, माणसाने आपल्या मनाला धरलं की मनोनिग्रह. राजाच्या सत्तेला 'निग्रहानुग्रह' म्हणत: धरणं आणि कृपा करणं, दोन्ही त्याच्याच हातात. न्यायदर्शनातही, म्हणजे तर्क आणि वादाच्या शास्त्रात, 22 निग्रहस्थानं आहेत, म्हणजे वादात प्रतिपक्षी पकडला जातो त्या जागा. गीतेत अर्जुन मनाचा निग्रह वाऱ्यासारखा दुष्कर म्हणतो, तिथेही चित्र पकडण्याचंच आहे.

मला यात फार मोलाचं वाटतं ते हे की एकाच शब्दाने बाहेरचं आणि आतलं दोन्ही सांगणं ही निग्रहाची एकट्याची खोड नाही. गौतम धर्मसूत्र दंडाची फोड अशी करतं: 'दण्डो दमनादित्याहुः तेनादान्तान् दमयेत्'. जे दान्त नाहीत, म्हणजे स्वतःला आवरत नाहीत, त्यांच्यासाठी दंड. ही व्युत्पत्ती भाषाशास्त्राच्या कसोटीला उतरो न उतरो, विचार स्पष्ट आहे: आतला दम जिथे कमी पडतो तिथे बाहेरची काठी येते. आणि मनुस्मृतीतच बाराव्या अध्यायात काठी उलटी फिरते. वाग्दंड, मनोदंड आणि कायदंड ज्याच्या बुद्धीत पक्के आहेत, तो त्रिदंडी. इथला वाग्दंड म्हणजे दुसऱ्याला सुनावणं नव्हे, आपल्याच जिभेला धाक. आठव्या अध्यायातला वाग्दंड आणि हा, अक्षरं तीच आणि हात मात्र वेगळा.

प्रायश्चित्त बरोबर या दोन पानांच्या मध्ये बसतं. चूक झालेली असते, शास्त्र जाणणारा माप सांगतो, पण ते घ्यायचं ज्याने त्याने. चांद्रायण हे व्रत पाहा: पौर्णिमेला 15 घास, मग रोज एक कमी, अमावास्येला उपास, आणि शुद्ध पक्षात पुन्हा रोज एक वाढवत 15 पर्यंत. ही शिक्षा की संयम? दोन्ही. नारायणराव पेशव्यांच्या 1773 मधल्या खुनानंतर रामशास्त्री प्रभुण्यांच्या तोंडी मराठी परंपरेने 'देहान्त प्रायश्चित्त' हेच शब्द ठेवले आहेत, देहदंड नव्हे. राघोबादादा सत्तेवर असताना त्यांच्यावर काठी चालवणारा वरचा हात कोणता उरला होता?

दौतटाक
'हात वेगळा' हे वहीत घेतो. पण मग 'रागावर निग्रह ठेवला' का चालत नाही? आणि मुलं 'दम धर' मधला दम आणि शम-दम मधला दम एकच समजतात.

पाटीपेन्सिल
'दम धर', 'दम लागला' यांतला दम फारसीतून आलेला, अर्थ श्वास. शम-दमातला संस्कृत, धातू दम्. वेदान्ताच्या षट्संपत्तीत, म्हणजे साधकाच्या सहा गुणांत, शम मनाचा आणि दम इंद्रियांचा. तो भेद मुलांना शमन आणि दमन यांवरून दाखवा. शमनात उसळलेलं शांत होतं, दमनात ते दाबलं जातं. म्हणून अग्निशमन दल, पण चळवळीचं दमन.

निग्रह ही कृती आहे, म्हणून निग्रह करतात किंवा निग्रहाने नकार देतात. संयम ही टिकून राहणारी स्थिती आहे, म्हणून तो ठेवतात, बाळगतात, पाळतात, आणि शेवटी सुटतो. ताबाही सुटतो, पण ताबा मिळवता येतो आणि तो घराचा, गाडीचासुद्धा असतो. घराचा संयम नसतो. आवरणं क्षणाचं. जे सांडू पाहतं ते आवरतात: हसू, अश्रू, मोह, राग आणि पसारासुद्धा. भूक मात्र आवरत नाहीत, मारतात.

रागाची एक ओळ द्या, ती सगळं सांगते. राग आवरला: बाहेर येता येता थांबवला. राग गिळला: समोरच्याला दिसू दिला नाही. राग दाबला: अजून आत आहे. राग शमला: गेला, आणि इथे कर्ता माणूस नाही, रागच आहे.

आणखी एक जोड वहीत हवीच: संयम आणि नियमन. र. धों. कर्वे यांनी 1921 मध्ये मुंबईत केंद्र काढलं ते संततिनियमनाचं. नियमन म्हणजे प्रमाण ठरवणं, त्यासाठी साधन वापरता येतं. संयम म्हणजे इच्छा असून न करणं. ब्रह्मचर्याचा आग्रह धरणारे आणि कर्वे यांच्यातला वाद या दोन शब्दांत मावतो. वाहतुकीचंही नियमन असतं, संयम असतो तो चालकाचा.

वेसण, लगाम, अंकुश एका ओळीत लिहू नका. वेसण बैलाच्या नाकात, लगाम घोड्याच्या तोंडात, अंकुश माहुताच्या हातात. वेसण बहुधा दुसऱ्याला घालतात, महागाईला किंवा गुंडगिरीला. जिभेला मात्र लगाम, आणि तो आपला आपणही घालतो.