गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर बाकावर बसलेल्या चढाईपटूने नेमके काय पाहावे?

खाडीकाठचा_चढाईपटू
नमस्कार. मी दापोली तालुक्यातील एका गावच्या कबड्डी संघातून गेली सहा वर्षे चढाईपटू म्हणून खेळतो. शिमग्यानंतरच्या एका स्पर्धेत बोनस (बोनसरेषा ओलांडल्याचा जादा गुण) घेऊन वळताना डावा पाय मातीत रुतला, गुडघा आत वळला आणि काहीतरी तुटल्याचा आवाज मला स्वतःला ऐकू आला. एसीएल, म्हणजे गुडघ्यातला मुख्य अस्थिबंध, पूर्ण तुटला होता. मे महिन्यात शस्त्रक्रिया झाली आणि आता सरळ रेषेत हलके धावण्याची परवानगी मिळाली आहे.

दिवाळीनंतर स्पर्धा सुरू झाल्यापासून प्रशिक्षक मला प्रत्येक सामन्याला बाकावर बसवतात आणि ‘बघून शीक’ एवढेच सांगतात. मी मन लावून बघतो, परंतु सामना संपल्यावर गुणफलकापलीकडे काही आठवत नाही. माझ्या जागी चुलतभाऊ चढाई करतो आणि तो पकडला गेला की आपण आत असतो तर काय केले असते, याच विचारात पुढच्या चार चढाया निघून जातात. पाहण्याची काही पद्धत असते का? शिवाय फेब्रुवारीत आमच्या ग्रामदेवतेच्या जत्रेची स्पर्धा असते. तेव्हा शस्त्रक्रियेला नऊ महिने होतील, तर उतरता येईल का?

डावा_कोपरा_गुहागर
मी बारा वर्षे डावा कोपरा, म्हणजे बचावफळीच्या डाव्या टोकाची जागा, सांभाळला आणि खांद्याच्या दुखापतीमुळे त्यांतला एक संपूर्ण हंगाम बाहेर बसून काढला, म्हणून अनुभवाचे सांगतो. सर्वप्रथम चढाईपटूकडे पाहणे बंद करा. सगळे मैदान त्याच्याकडेच पाहत असते आणि तुम्हाला त्याचे काम आधीच ठाऊक आहे. दहा मिनिटे फक्त समोरच्या संघाच्या एका कोपऱ्याचे पाय पाहा: कोणता पाय मागे आहे, बोनसची चाहूल लागताच तो पुढे येतो की जागीच थांबतो, आणि तो हलल्यावर शेजारची साखळी (हात धरून उभे असलेले बचावपटू) किती वेळाने वळते. चढाईच्या 30 सेकंदांत तुम्हाला समोरचे हात दिसतात, पाठीमागून बंद होणारी वाट दिसत नाही. ती बाहेरूनच दिसते.

त्या हंगामात आमच्या नेहमीच्या प्रतिस्पर्धी संघातील एका चढाईपटूची एक सवय माझ्या लक्षात आली. ज्या चढाईत तो लाथ मारणार असे, त्या चढाईला निघण्यापूर्वी तो मध्यरेषेपाशी उजव्या पायाची टाच एकदा मातीत घासत असे. त्याच्याविरुद्ध मी कित्येक सामने खेळलो होतो, पण माझी नजर त्याच्या कमरेवर असल्यामुळे ती टाच मला कधीच दिसली नव्हती. पुढच्या वर्षी त्याचा घोटा मी एकाच सामन्यात दोनदा धरला.

शंभर पानी वही घ्या आणि प्रत्येक चढाईला एकच ओळ लिहा: समोर बचावपटू किती, चढाई साधी की गुण न मिळाल्यास बाद करणारी तिसरी, आणि प्रथम कोण हलले. सहा किंवा अधिक बचावपटू असताना, म्हणजे बोनस खुला असताना, कोपरे वेगळे उभे राहतात. तीनच उरले की अव्वल पकडीच्या जादा गुणासाठी तेच खेळाडू धोका पत्करतात. हा फरक चार सामन्यांत वहीत उतरेल. मध्यंतराच्या पाच मिनिटांत मात्र भावाला एकच गोष्ट सांगा. दमलेल्या माणसाला दोन गोष्टी ऐकू येत नाहीत.

देवगड_ते_ओहायो
मी मूळचा देवगडचा. येथे अमेरिकन फुटबॉल पाहताना क्वार्टरबॅक या खेळाडूविषयी जे समजले, ते तुमच्या उपयोगाचे वाटते. प्रत्येक डाव त्याच्या हातून सुरू होतो. दोन डावांमध्ये साधारण 40 सेकंद असतात आणि त्यांतले 15 उरेपर्यंतच प्रशिक्षकाचा आवाज त्याच्या हेल्मेटमध्ये पोहोचतो. त्यानंतर समोरचा बचाव वाचून त्याला एकट्यालाच ठरवावे लागते. जायबंदी क्वार्टरबॅक अनेकदा कानाला हेडसेट लावून सीमेवर उभा असतो. डाव सुरू होण्याआधी चेंडू कोठे जावा हे मनाशी ठरवायचे आणि मग प्रत्यक्षाशी ताडून पाहायचे, अशी सवय त्याला तेथे लावून घेता येते. भाऊ मध्यरेषा ओलांडण्याआधी तुम्हीही मनाशी बाजू ठरवा. अंदाज चुकला की का चुकला, ते वहीत लिहा.

नऊ महिन्यांविषयी: सिनसिनाटी संघाचा क्वार्टरबॅक जो बरो याचा एसीएल नोव्हेंबर 2020 मध्ये तुटला, डिसेंबरमध्ये शस्त्रक्रिया झाली, सप्टेंबर 2021 मध्ये तो मैदानात उतरला आणि त्याच हंगामात त्याचा संघ सुपर बोल या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. परंतु त्याच्यामागे रोज राबणारे वैद्यकीय पथक होते आणि त्याच्या खेळात सातजण मिळून पाय ओढत नाहीत. कृपया त्याच्या तारखेशी स्वतःची तारीख जुळवू नका.

फिजिओ_रत्नागिरी
नऊ महिने ही किमान मर्यादा समजावी. त्याआधी परतणाऱ्यांमध्ये पुन्हा इजा होण्याचे प्रमाण लक्षणीयरीत्या अधिक आढळले आहे. दुखणे थांबले म्हणजे बसवलेला अस्थिबंध पक्का झाला, असे नसते. मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद दुसऱ्या पायाच्या किमान 90 टक्के हवी, एका पायावरच्या उड्यांच्या चाचण्या पार व्हायला हव्यात आणि त्यानंतर काही आठवडे अंगाला अंग भिडणारा सराव हवा. तो सराव अद्याप सुरूच झाला नसेल, तर जत्रेची स्पर्धा सोडून द्यावी.

खाडीकाठचा_चढाईपटू
सर्वांचे मनःपूर्वक आभार. जत्रेत उतरणार नाही, असे घरी सांगून टाकले. रविवारच्या सामन्यात वहीत 31 ओळी झाल्या. उजवा कोपरा बोनसला पुढे येत नाही, हे मध्यंतरात भावाला सांगितले. त्याने दोन बोनस आणले, तिसऱ्यांदा मात्र साखळीत सापडला. साखळी केव्हा वळते, हे मला बाकावरून उशिरा कळते. कोठे बसावे?

डावा_कोपरा_गुहागर
प्रशिक्षकांना विचारून प्रतिस्पर्धी बचावाच्या मागे, अंतिम रेषेपलीकडे प्रेक्षकांत उभे राहा आणि मध्यंतरानंतर बाजू बदलली की तुम्हीही जागा बदला. तेथून त्यांच्या टाचा दिसतात. साखळी वळण्याआधी आतल्या खेळाडूची टाच उचलली जाते.