भाड्याची सरकारी घरं आधी कोणाला द्यायची?

प्रश्न: स्वस्त भाड्याची सरकारी घरं थोडी आणि अर्ज ढीगभर, तर आधी नंबर कोणाचा लावायचा? ज्याचा अर्ज आधी त्याला घर आधी, हे ऐकायला सरळ वाटतं, पण नवऱ्याच्या मारहाणीमुळे कालच मुलांना घेऊन बाहेर पडलेल्या बाईने वर्षानुवर्षं थांबायचं का? आणि लॉटरी न्याय्य म्हणायची का?

उत्तर १: लॉटरीने वशिला थांबतो, पण गरज कुठे बघितली जाते? इंग्लंडमध्ये १९९६ चा गृहनिर्माण कायदा आहे, त्यात बेघर, फार दाटीवाटीने किंवा राहण्यालायक नसलेल्या घरात राहणारे, आजारपण-अपंगत्वामुळे घर बदलावंच लागणारे अशांना प्राधान्य द्यावं लागतं. मग त्याचे पॉइंट नाहीतर गट पाडतात आणि एकाच गटात दोघं आले की सहसा अर्जाची तारीख बघतात. मला हे पटतं, आधी गरज, मग रांग.

उत्तर २: अर्धंच पटतंय. फक्त सगळ्यात अडलेल्यांनाच घरं दिली की एकेका इमारतीत सगळी हलाखीतलीच कुटुंबं जमतात, आणि कमी पगारात कसंबसं भागवणाऱ्याचा नंबर कधीच लागत नाही. ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नात अशा घरांसाठी उत्पन्नाची मर्यादा बरीच वर ठेवलीये म्हणून मध्यमवर्गही त्याच घरांत राहतो. अर्थात तिथे घरंही भरपूर बांधलीत, १९२० च्या दशकापासून, ते विसरू नका.

प्रश्नकर्ता: पण घरं कमीच असतील तर?

उत्तर ३: तर गरजच बघायची, पण नीट बघायची. मी लोकांना अर्ज भरायला मदत करते, सगळ्यात अडलेलं माणूसच कागदावर मागे पडतं हो. आज इथे उद्या तिथे राहणाऱ्याला पत्र जुन्या पत्त्यावर जातं, उत्तर आलं नाही म्हणून नाव कटतं, आणि ऑनलाइन जाहिरात बघून मुदतीत घर मागायचं असेल तर ज्याच्याकडे चालू फोनच नाही त्याने काय करायचं? अशा कुटुंबाच्या फाइलमागे कोणीतरी ठरलेला माणूस हवा, परिस्थिती बदलली की पॉइंट पुन्हा मोजायला हवेत, आणि नकार दिला तर कारण लेखी. फ्रान्समध्ये २००७ च्या कायद्याने आधी समितीकडे आणि तरी घर मिळालं नाही तर कोर्टात जाता येतं, तसं काहीतरी पाहिजेच. अजून एक, तळमजल्यावरचं व्हीलचेअर आत जाईल असं घर रिकामं झालं तर नुसते पॉइंट बघून धडधाकट कुटुंबाला देऊ नका, तसं घर परत कधी मिळेल सांगता येत नाही.