अष्टपैलू की ‘एक ना धड भाराभर चिंध्या’?

खटपट्या
नळ गळला की प्लंबर, बटण तुटलं की टेलर, एमसीबी (जास्त वीज ओढली की आपोआप बंद होणारा खटका) पडला की वायरमन, आणि सायकल पंक्चर झाली की ती कायमची जिन्याखाली. शिकल्यासवरलेल्या माणसाला यातलं एकही काम येऊ नये, याला मी पांगळेपण म्हणतो. चौसष्ट कला राहू द्या बाजूला. वर्षाला दोन कामं शिकायची, एकेका कामाला सहा रविवार द्यायचे. दहा वर्षांत वीस कामं हाताखालून जातात.

नमुन्यादाखल जुन्या पद्धतीचा, पीळ देऊन बंद करायचा अर्धा इंची नळ घ्या. आधी नळाकडे येणारं पाणी तोडणारा कॉक बंद करा, मग नळ उघडून पाइपातलं पाणी जाऊ द्या. खालच्या जाळीवर फडकं टाका, कारण स्क्रू हटकून तिथेच पडतो. मूठ काढून पान्याने स्पिंडल, म्हणजे मुठीखालचा आट्यांचा दांडा, डावीकडे फिरवत बाहेर काढा. टोकाच्या रबरी वायसरवर गोल खाच पडलेली दिसेल. तोच वायसर दुकानात दाखवून नवा आणा. पण बसवण्याआधी आत बोट घालून पितळी सीट चाचपा. ती खरवडलेली असेल तर नवा वायसरही थोड्या दिवसांत कापला जातो, आणि आपण दुकानदाराला शिव्या घालत बसतो.

तळगाठ
खटपट्याभाऊ, तुमचा नळच मुळात जुना! आताच्या बहुतेक फ्लॅटमध्ये पाव आट्यात उघडणारे नळ असतात. त्यात वायसरऐवजी सिरॅमिकच्या चकत्या असतात आणि गळायला लागला की अख्खं स्पिंडल बदलावं लागतं. म्हणजे सहा रविवार घालून जे शिकलात ते नळाबरोबर भंगारात. शिवाय पाइप भिंतीच्या आत आणि सीपीव्हीसीचे, म्हणजे प्लास्टिकचे. दोन पकडी न वापरता नळाला जोर लावला तर तो जोर आतल्या एल्बोवर, म्हणजे पाइपाच्या वळणावरच्या जोडावर जातो. एल्बो तडकला की टाइल फोडण्यावाचून गत्यंतर नाही, आणि त्या रंगाची टाइल बाजारात मिळत नाही.

आता हिशेब करा. आठवड्याला 5 तास, 50 आठवडे, म्हणजे वर्षाला 250 तास. एका विद्येला दिले तर माणूस कुठेतरी पोचतो. दहांत वाटले तर वाट्याला 25 तास. पंचवीस तासांत तबल्यावर ‘धा’ सुद्धा धड उमटत नाही.

कोपऱ्यावरचा
मग दामोदर धर्मानंद कोसंबींचं काय करायचं? गोव्यात जन्मलेला गणिती. जनुकशास्त्रातलं ‘कोसंबी मॅपिंग फंक्शन’ (जनुकांमधलं अंतर काढायचं सूत्र) त्यांचं, भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती त्यांची, प्राचीन भारताच्या इतिहासाला वेगळं वळण देणारं 1956चं पुस्तकही त्यांचंच. यात चिंध्या कुठल्या?

तळगाठ
कोसंबींना माझ्या बाजूने साक्षीला बोलवा. त्यांनी आहत, म्हणजे ठसे ठोकलेल्या प्राचीन नाण्यांच्या गठ्ठ्यातलं एकेक नाणं तोललं. चलनात फिरलेलं नाणं झिजून हलकं होतं, त्यामुळे वजनांची सरासरी आणि फैलाव पाहून कुठली नाणी आधीची हे त्यांनी ताडलं. हे संख्याशास्त्र पक्कं असल्यामुळे जमलं, नाण्यांच्या छंदामुळे नव्हे. खोल विहीर एकच होती, पाट चारी दिशांना नेले. तुम्ही सांगताय ते वीस खड्डे.

मोजूनमापून
दोघांचंही गणित ‘सगळ्या कौशल्यांना सारखाच वेळ लागतो’ असं धरून चाललंय. तसं नसतं. काही कामांचा उंबरठा अगदी बुटका असतो. कोटाचं बटण घ्या: लावताना बटणावर काडेपेटीची काडी आडवी ठेवून तिच्यावरून टाके घालायचे, काडी काढून बटण वर ओढायचं, आणि खाली सुटलेल्या दोऱ्याभोवती पाच-सहा वेढे देऊन गाठ मारायची. ही मान ठेवली नाही तर जाड कापडात काजं ओढलं जातं आणि बटण पुन्हा तुटतं. दहा मिनिटांचं काम, आयुष्यभर पुरतं.

उलट सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं. शिकायला काही तास पुरतात, पण सराव नसेल तर काही महिन्यांतच हात विसरतो. मोठ्या माणसाच्या छातीच्या मधोमध, मिनिटाला 100 ते 120 दाब, 5 ते 6 सेंटिमीटर खोल, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. नवशिका हमखास चुकतो तो या शेवटच्या गोष्टीत: हात छातीवर रेलून ठेवतो, त्यामुळे हृदयात रक्त पुरेसं भरत नाही. दुसऱ्याला 108 लावायला सांगून दाब सुरू ठेवायचे. इथे खटपट्यांचे सहा रविवार सलग नकोत. दर तीन-चार महिन्यांनी अर्धा तास हवा.

फेज_न्यूट्रल
विजेपुरता मी तळगाठ यांच्या बाजूने, तोही अर्धाच. घरच्या माणसाला बिघाड शोधता यावा, दुरुस्ती करू नये. एमसीबी पडला की त्या लाइनवरचे सगळे प्लग काढा, दिव्यांची बटणं बंद करा, मग एमसीबी वर करा. राहिला तर एकेक वस्तू लावत जा; जिच्यामुळे पडेल ती दोषी. सगळं काढूनही पडत असेल तर दोष वायरिंगमध्ये किंवा एमसीबीतच, तिथे हात आखडायचा.

अर्धवट शहाणा काय करतो? 16 ॲम्पियरचा काढून 32चा बसवतो. ‘आता पडत नाही’ म्हणून खूश. पडणार कसा? तो भिंतीतल्या वायरच्या रक्षणासाठी होता, आता त्याच्याआधी वायर तापेल. 2000 वॉटचा गीझर 230 व्होल्टवर जवळपास 8.7 ॲम्पियर ओढतो. तो ॲडाप्टर लावून 6 ॲम्पियरच्या सॉकेटात खुपसणारेही याच जातकुळीचे.

खटपट्या
‘वीस कामं’ हा आकडा मागे घेतो. विजेचं मान्य. पण तळगाठ, नळाचं नाही. पाव आट्याचं स्पिंडल बदलणंही तेच काम आहे, उलट सोपं. आणि आट्यांवर गुंडाळायचा टेफ्लॉन टेप? आट्यांचं तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या दिशेने गुंडाळायचा. उलटा गुंडाळला तर आवळताना गोळा होऊन बाहेर येतो. हे ज्याला माहीत आहे तो प्लंबर बोलावला तरी काम नीट करून घेतो. पाट काढायलाही फावडं धरता यावं लागतं.

तळगाठ
काम करून घेण्यापुरतं कळावं, इतकं कबूल. पान्याला मात्र मी हात लावणार नाही.

नवी_भाडेकरू
वादात पडत नाही. पण पहिल्या पायरीलाच अडलंय: कॉकच फिरत नाहीये!

खटपट्या
ताई, जोर लावू नका. वर्षानुवर्षं न फिरवल्याने क्षार धरलाय, दांडा तुटेल. थोडा पुढे, थोडा मागे असा हलवून पाहा. नाहीच हलला तर गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद करायला लागेल, आणि तो कुठला हे वॉचमनला विचारा. फक्त रविवारी सकाळी नको, अख्ख्या विंगच्या अंघोळी चालू असतात.