अनुभव धागा: स्वतःचं घर हवंच का?

"घर कधी घेणार?" असं विचारलं की विशी-तिशीतली मंडळी हल्ली "घ्यायचंच कशाला?" असं उलट विचारतात. प्रश्न रास्त आहे, त्याला उपदेश नको, हिशोब हवा. जाणकारांनी आकड्यांसकट लिहावं.

कर्जाचं काम पाहणारे
हप्ता झेपतो म्हणजे घर झेपतं असं धरतात, तिथेच घोळ होतो. 9 टक्के दराने 20 वर्षांचं कर्ज घेतलं तर दर लाखामागे महिना साधारण 900 भरावे लागतात. पहिल्या हप्त्यातले 750 व्याजात जातात, मुद्दल फिटतं 150. पाच वर्षं न चुकता भरूनही लाखातले 88,700 बाकी असतात! म्हणून तीन-चार वर्षांत नोकरीसाठी गाव सोडायची शक्यता असेल, तर थांबलेलं बरं.

बदलत्या दराचं दुखणं वेगळं. सुरुवातीलाच दर 9 चा 10 झाला आणि हप्ता तोच ठेवला, तर 240 हप्त्यांचे 314 होतात. सहा वर्षं वाढली हे कित्येकांच्या लक्षातच येत नाही. दरवाढीचं पत्र आलं की मुदत न वाढवता हप्ता वाढवून मागा. दर स्थिर असताना वर्षाकाठी एक जादा हप्ता मुद्दलात टाकला, तर हेच कर्ज साडेसोळा वर्षांच्या आसपास फिटतं. जादा रक्कम मुद्दलातच वळती करा, असं लेखी कळवा.

भाड्याच्या बाजूने
घराच्या किमतीला तशाच घराच्या वर्षभराच्या भाड्याने भागा. उत्तर 15 च्या आत आलं तर खरेदीचा विचार करावा, 20 च्या वर गेलं तर भाडं स्वस्त. हा ढोबळ आडाखा आहे. पण भाड्यात राहून वाचलेली रक्कम दरमहा गुंतवली नाही, तर या गणिताला काही अर्थ नाही.

घरतपासणी करणारे
जुनं घर पावसात बघा. ताज्या रंगाला भुलू नका. जमिनीलगत हात फिरवा, पांढरी भुकटी लागली तर तो लोणा, म्हणजे भिंत ओल धरतेय. टाइलवर नाण्याने टकटक करा, पोकळ आवाज आला तर खालचा माल सुटलाय. घरमालक तयार असेल तर न्हाणीघराची जाळी बंद करून इंचभर पाणी 24 तास साठवा, पातळीवर पेन्सिलने खूण करा आणि दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्याचं छत पाहा. गळती तिथेच दिसते. ती काढायची तर अख्खी फरशी उखडावी लागते, म्हणून हे बघायचं ते सौद्याआधी.

दोघांनी मिळून घेताना
कोणाचा किती वाटा, एकाला बाहेर पडायचं झालं तर किंमत कशी ठरवायची, किती महिने आधी सांगायचं, हे सहीनिशी लिहून ठेवा. कर्जात दोघं सहकर्जदार असतील आणि एकाने हप्ता थांबवला, तर बँक संपूर्ण थकबाकी दुसऱ्याकडेही मागू शकते.