'मेरी' अमेरिकन, 'हॅपी' ब्रिटिश: ही वाटणी खरी आहे का?

कोरांटी:
डिसेंबर लागला की आपल्याकडून जगभर सरसकट 'मेरी ख्रिसमस' जातं. माझं मत: लंडन-डब्लिनला लिहिताना 'हॅपी ख्रिसमस'च लिहावं. पाचव्या जॉर्जने १९३२ मध्ये रेडिओवरून नाताळचं पहिलं भाषण केलं, त्यातही 'हॅपी'च होतं. 'मेरी'ला तिकडे थोडी झिंगल्याची छटा आहे. तो शब्द अमेरिकेचा.

बोरूबहाद्दर:
छटा मान्य. 'अमेरिकेचा' हे साफ चूक. लंडनमध्ये १८४३ साली हेन्री कोलने हॉर्सलीकडून चित्र काढून घेऊन विक्रीला आणलेलं पहिलं नाताळकार्ड बघा. किंमत एक शिलिंग, मजकूर 'अ मेरी ख्रिसमस अँड अ हॅपी न्यू इयर टू यू'. चित्रात घरचे सगळे पेले उंचावताहेत, एका लहान मुलीलाही वाइनचा घोट मिळतोय! दारूबंदीवाल्यांनी त्यावरून ओरड केली होती. आणि १८२३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉयच्या पेपरात आलेली सांताची ती प्रसिद्ध कविता 'हॅपी ख्रिसमस टू ऑल' असं म्हणून संपते. 'मेरी' पुढच्या आवृत्त्यांत घुसला. म्हणजे तुमच्या पुराव्यांची दिशाच उलटी.

कोरांटी:
दोनशे वर्षांपूर्वी काय छापलं यावरून आज काय बोलतात ते ठरत नाही. आयर्लंडमध्ये 'हॅपी ख्रिसमस'ला 'मेनी हॅपी रिटर्न्स' असं उत्तर येतं. सवय नसेल तर वाटतं, वाढदिवस कुणाचा?

बोरूबहाद्दर:
आयर्लंडपुरतं मान्य. पण इंग्लंडात दोन्ही चालतात. नव्या वर्षाच्या शुभेच्छा जोडायच्या असतील तर पुढे 'हॅपी न्यू इयर' येतंच, मग दोनदा 'हॅपी' कानाला खटकतं. तिथे 'मेरी'च बरं.

तिठा:
दोघेही अमेरिकेतली खरी अडचण सोडताय. तिथे कामाच्या मेलमध्ये 'हॅपी हॉलिडेज' लिहितात, कारण त्याच सुमारास ज्यूंचा आठ दिवसांचा हनुका असतो आणि २६ डिसेंबर ते १ जानेवारी आफ्रिकी-अमेरिकनांचा क्वांझा. समोरचा काय पाळतो ठाऊक नसेल तर हेच लिहा.

बोरूबहाद्दर:
आणि ठाऊक असेल तर? चर्चला जाणाऱ्या सहकाऱ्याला 'हॉलिडेज' लिहिलं तर गुळमुळीत वाटतं. त्याने आधी जे म्हटलं तेच परत म्हणावं. नायजेरिया-घानात मात्र 'कॉम्प्लिमेंट्स ऑफ द सीझन' लिहा. आपल्याला सरकारी पत्रासारखं वाटतं, तिथे रोजचं आहे.

तिठा:
वेळेचंही बघा. ब्रिटनमध्ये सुट्टीआधी निरोप घेताना 'हॅव अ गुड ख्रिसमस'. सत्तावीस तारखेला 'मेरी ख्रिसमस' पाठवलं तर शिळं. तेव्हा 'होप यू हॅड अ गुड ख्रिसमस'.

कोरांटी:
हे पटलं. फक्त कार्डावर कुटुंबाचं नाव घालताना 'द स्मिथ्स' लिहा, शेवटच्या एसआधी वरचा स्वल्पविराम नको. तो घातला की 'स्मिथचं' असा अर्थ होतो, आणि वाचणारा विचारतो, स्मिथचं काय?